मामूची तबकडी

माझा मोठा मामू बोटीवर होता. आमच्या खाडीकाठच्या गावात ही काही सांगायची गोष्ट नाही. तिथं दर दुसऱ्या घरातला एक माणूस बोटीवर असतोच. सुट्टीवर येताना ही मंडळी साबण, घड्याळं, कापड, टॉर्च असं काहीबाही घेऊन यायची. १९७७ च्या पावसाळ्याआधी मामू आला तो एक रेकॉर्ड प्लेअर आणि सहा तबकड्या घेऊन. त्यातल्या पाच घरात लगेच वाजायला लागल्या. सहावी मात्र एकदा लावली आणि नानीनं बंद करायला सांगितली. तिचं म्हणणं, गाणारा माणूस आजारी आहे.

त्या सहाव्या तबकडीवर चार किडकिडीत तरुणांचं छायाचित्र होतं. चेहरे फिकट, रंग विचित्र, आणि पुढच्याचा हात आपल्याकडे आल्यासारखा. वर नाव होतं ‘टेलिव्हिजन’. आमच्या गावात त्या वेळी खरा टेलिव्हिजनही पोचला नव्हता. मामूनं ती लिव्हरपूलच्या एका दुकानात घेतली होती. का घेतली, तर दुकानात शिरला तेव्हा तीच वाजत होती. त्याला जहाजावरचं तुटकं इंग्रजी यायचं, गाण्याचे शब्द काही कळले नव्हते. ‘ती दोन गिटारं भांडत नाहीत रे, बोलतात,’ एवढंच तो मला म्हणाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. ती तबकडी मी खऱ्या अर्थानं ऐकली ती पुढं दहा वर्षांनी, कॉलेजच्या सुट्टीत. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्यामुळं माझी एक चूक माझ्या पदरात पडली.

आधी तबकडीची हकीकत सांगतो. तिचं नाव ‘मार्की मून’. न्यूयॉर्कच्या टेलिव्हिजन या चौघांच्या वाद्यवृंदाचा तो पहिला अल्बम. इलेक्ट्रा कंपनीनं तो फेब्रुवारी १९७७ मध्ये काढला. गाणी लिहिणारा, गाणारा आणि एक गिटार वाजवणारा टॉम व्हर्लेन. दुसऱ्या गिटारवर रिचर्ड लॉइड, बेसवर फ्रेड स्मिथ आणि ड्रम्सवर बिली फिका. व्हर्लेनचं खरं नाव थॉमस मिलर. शाळेतल्या एका मित्राबरोबर कविता करत करत तो न्यूयॉर्कला आला आणि एकोणिसाव्या शतकातल्या पॉल व्हर्लेन या फ्रेंच कवीचं नाव त्यानं घेतलं. त्या मित्रानंही नाव बदललं आणि रिचर्ड मेयर्सचा रिचर्ड हेल झाला. आपल्याकडच्या मुशायऱ्यात बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. शायर तखल्लुस घेतो, तसंच हे. फरक इतकाच, की शायराचं तखल्लुस मक्त्यात येतं आणि याचं पाकिटावर आलं.

टेलिव्हिजनची सुरुवात ज्या ठिकाणी झाली, त्या जागेचं नाव सीबीजीबी. न्यूयॉर्कच्या बावरी नावाच्या त्या वेळच्या पडक्या वस्तीत हिली क्रिस्टल या माणसानं १९७३ च्या अखेरीस हा बार काढला. नावातली अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांची. त्यांतलं तिथं फारसं काही वाजलं नाही. ३१ मार्च १९७४ च्या रविवारी टेलिव्हिजननं तिथं पहिल्यांदा वाजवलं आणि मग पॅटी स्मिथ, रामोन्स, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स अशी एकेक मंडळी तिथं उभी राहिली. पॅटी स्मिथ स्वतः कवयित्री. टेलिव्हिजनबद्दल सुरुवातीच्या काळात कौतुकानं लिहिणाऱ्यांत ती होती.

या सगळ्यांना लोक ‘पंक’ म्हणत. पंक म्हणजे तीन सूर, दोन मिनिटं आणि मोठा आवाज, अशी ढोबळ समजूत. पण रेडिओवाले आणि दुकानदार त्या शब्दाला बिचकू लागले, तेव्हा फ्रेंच सिनेमातल्या ‘नव्या लाटे’वरून आलेला ‘न्यू वेव्ह’ हा शब्द रेकॉर्ड कंपन्यांनी पुढं केला. बाजारानं ठेवलेलं ते नाव होतं. टेलिव्हिजन तर दोन्ही नावांत नीट बसत नव्हतं. दोन मिनिटांच्या गाण्यांच्या गावात हे लोक दहा-दहा मिनिटं एकच गाणं वाजवत.

अल्बम करण्याआधीचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९७४ च्या डिसेंबरात ब्रायन ईनो या नामांकित संगीतकारानं त्यांच्या काही गाण्यांचं नमुना-ध्वनिमुद्रण केलं. व्हर्लेनला तो आवाज पटला नाही. हातात काही नसताना त्यानं ते सोडून दिलं. पुढं इलेक्ट्रानं करार केला तेव्हा निर्मिती मीच करणार, असा हट्ट त्यानं धरला. कंपनीनं एवढंच म्हटलं, की सोबत एखादा मुरलेला ध्वनिमुद्रक घे. म्हणून अँडी जॉन्स आला. रोलिंग स्टोन्स आणि लेड झेपेलिन यांच्याबरोबर काम केलेला माणूस. त्यानं सवयीप्रमाणं ड्रम्सचा आवाज दणदणीत लावला, आणि व्हर्लेननं तो काढायला सांगितला. त्याला ड्रम्स छोटे, कोरडे, जवळून ऐकू येणारे हवे होते.

सप्टेंबर १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत काम सुरू झालं. गाणी इतकी घोटलेली होती, की शीर्षकगीत एका दमात झालं. फिकाला तर ही तालीम चालली आहे असंच वाटत होतं. जॉन्सनं आणखी एकदा घेऊ म्हटलं, व्हर्लेननं नको म्हटलं. ‘एलिव्हेशन’ या गाण्यातल्या लॉइडच्या गिटारला फिरत्या स्पीकरचा घुमता आवाज हवा होता. तो स्पीकर भाड्यानं आणणं परवडेना. मग जॉन्सनं मायक्रोफोन वायरीला धरून गोफणीसारखा लॉइडसमोर गरगर फिरवला आणि लॉइड नाक सांभाळत वाजवत राहिला. ऐकताना तो आवाज जवळ येतो, लांब जातो. त्यामागं स्टुडिओतली ही काटकसर आहे.

पाकिटावरचं छायाचित्रही असंच झालं. ते रॉबर्ट मॅपलथॉर्प या छायाचित्रकाराचं. लॉइड त्याच्या प्रती काढायला टाइम्स स्क्वेअरच्या एका दुकानात गेला. तिथल्या रंगीत झेरॉक्स यंत्रानं रंग बिघडवून टाकले आणि बिघडलेली प्रत सगळ्यांना मूळ छायाचित्रापेक्षा आवडली. नानीला जो आजारीपणा दिसला, तो त्या झेरॉक्सचा होता.

आता संगीताविषयी. इतर रॉक वाद्यवृंदांत साधारणपणे एक गिटार मागं ठेका धरते आणि दुसरी पुढं मिरवते. इथं तसं नाही. एक गिटार छोटासा तुकडा धरून बसते, दुसरी त्याच्या फटीतून दुसरा तुकडा घालते. चटईच्या पात्यांसारखं एक वर, एक खाली. कोण कुणाची साथ करतंय ते सांगता येत नाही. तमाशातले सवाल-जवाब ऐकलेल्या किंवा सतार-सरोदची जुगलबंदी ऐकलेल्या माणसाला हे लवकर कळतं. मामूला कळलं ते असंच. शीर्षकगीताच्या आरंभी तर सम कुठं आहे तेच कळत नाही. ड्रम्स आले, की मग जमिनीला पाय लागतात. गाण्यात रात्र आहे, पाऊस आहे, वाट पाहत थांबलेला एक माणूस आहे. शब्द संपतात आणि व्हर्लेनची गिटार एकटी निघते. पायरी पायरीनं वर चढत जाते, चौघंही तिच्यामागं चढतात, माथ्यावर पोचतात आणि तिथं सगळं फुटून बारीक बारीक किलबिलीसारखं खाली झिरपतं. शांत होतं. आणि मग सुरुवातीचा तुकडा पुन्हा येतो, जणू मधलं काही झालंच नाही.

आणि मग आवाज हळूहळू कमी होत गाणं विझतं. माझ्या तबकडीच्या लेबलावर त्याची लांबी ९ मिनिटं ५८ सेकंदं लिहिली आहे. दहा मिनिटांना दोन सेकंद कमी.

इथं तबकडीचा धर्म समजून घ्यायला हवा. लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. एका बाजूला एकच लांब खाच असते, कडेपासून मध्यापर्यंत गुंडाळत गेलेली. सूर जेवढा मोठा आणि खर्जातला, तेवढी खाचेची नागमोड रुंद आणि तेवढी तिला जागा जास्त. म्हणून एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपलीकडं भरलं, की खाचा दाटतात आणि आवाज लहान करावा लागतो. शिवाय सुई मध्याकडं जाते तसा तबकडीचा घेर लहान होतो. तेवढ्याच वेळात सुईखालून कमी खाच सरकते आणि बारीक सूर पुसट होतात. ‘मार्की मून’च्या दोन्ही बाजू बावीस-बावीस मिनिटांच्या, काठोकाठ भरलेल्या. शीर्षकगीत पहिल्या बाजूचं शेवटचं, म्हणजे अगदी आतल्या घेरात. त्याची सगळ्यांत नाजूक किलबिल तिथं येते जिथं तबकडी सगळ्यांत कमकुवत असते. आमच्या कोकणातल्या दमट हवेत त्यात बुरशीची भर. माझ्या तबकडीवर ती किलबिल आणि पावसाची तडतड वेगळी काढता येत नाही.

आता समीक्षकांकडं वळू. अल्बम आला तेव्हा ब्रिटनमधल्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात निक केंटनं त्यावर भरभरून, दीर्घ लेख लिहिला. अमेरिकेत ‘व्हिलेज व्हॉइस’च्या रॉबर्ट ख्रिस्टगाऊनं त्याला ए प्लस दिलं. वर्षअखेरीस त्याच वृत्तपत्रानं समीक्षकांचा कौल घेतला, त्यात ‘मार्की मून’ तिसरा आला. उलट बाजूही होती. ‘ग्रामोफोन’ मासिकात नायजेल हंटरनं शब्द आणि गिटार दोन्ही धूसर ठरवले. ‘रोलिंग स्टोन’मध्ये केन टकरनं अल्बमची दखल आदरानं घेतली. पण गाण्यांच्या शब्दांबद्दल त्याचा अभिप्राय असा होता, की ते ऐकायला चांगले लागतात, एकमेकांशी त्यांचा फारसा संबंध नाही, अर्थ थोडा. आणि ख्रिस्टगाऊचं म्हणणं, याच शब्दांच्या एकट्याच्या जोरावर हा अल्बम उभा राहिला असता, आणि एकट्या गिटारच्या जोरावरही.

दोघे जाणते, दोघांनी ऐकले तेच शब्द. आणि ज्याचं नाव या गायकानं घेतलं होतं, तो पॉल व्हर्लेन तर कवितेत नादाला पहिला मान देणारा कवी. म्हणजे टकरनं ज्याला उणीव म्हटलं, ती कदाचित त्या घराण्याची रीतच होती. ‘कदाचित’ म्हणतो, कारण प्रत्येक निरर्थक ओळ काही नादमय नसते. हे कवींना समीक्षकांपेक्षा जास्त माहीत असतं, फक्त ते कबूल करत नाहीत.

कौतुकाचा परिणाम काय झाला? ब्रिटनमध्ये झाला. अल्बम तिथल्या यादीत २८ व्या क्रमांकापर्यंत गेला, त्यातली दोन गाणी सुटी निघाली तीही पहिल्या तिसात आली. मामूला तो लिव्हरपूलच्या दुकानात वाजताना ऐकू आला, न्यूयॉर्कच्या नाही, यात काही योगायोग नसावा. स्वतःच्या देशात मात्र बिलबोर्डच्या दोनशे अल्बमांच्या यादीत तो आलाच नाही. अमेरिकेत पीटर गॅब्रिएलच्या दौऱ्यात त्यांना आधी वाजवायला उभं केलं. तिथला श्रोता यांच्यासाठी आलेला नव्हता. मे महिन्यात ब्रिटनमध्ये दौरा झाला, तेव्हा त्यांच्या आधी वाजवायला ब्लाँडी होती. बेस वाजवणारा फ्रेड स्मिथ ब्लाँडी सोडूनच यांच्याकडं आलेला. पुढच्याच वर्षी ब्लाँडीचा ‘पॅरलल लाइन्स’ निघाला आणि जगभर खपला. टेलिव्हिजनचा दुसरा अल्बम ‘अ‍ॅडव्हेंचर’ही १९७८ चाच. ब्रिटनमध्ये तो सातव्या क्रमांकावर पोचला, पण समीक्षक पहिल्याशी तुलना करत राहिले. त्याच वर्षी हे चौघे वेगळे झाले.

आपल्याला अशा गोष्टीचा शेवट गोड करायची सवय आहे. बघा, खरी कला उशिरा का होईना ओळखली जाते! हो, ‘रोलिंग स्टोन’च्या पाचशे उत्तम अल्बमांच्या यादीत ‘मार्की मून’ २००३ मध्ये १२८ वा होता, २०२० मध्ये १०७ वा. नंतरच्या कितीतरी गिटारवाल्यांनी त्याचं ऋण मानलं. हे चौघे १९९२ मध्ये पुन्हा एकत्र येऊन एक अल्बमही करून गेले. पण १९७८ साली घरभाडं भरायला यातलं काही उपयोगाचं नव्हतं. माझ्या पहिल्या संग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या होत्या. तीन ठिकाणी चांगली परीक्षणं आली आणि गठ्ठे पलंगाखाली राहिले. त्यामुळं कौतुकानं पोट भरतं असं मला कुणी सांगू नये. तरी त्या तीन परीक्षणांवर मी दुसरा संग्रह लिहिला, हेही खरं.

आता माझ्या चुकीची गोष्ट. २००४ मध्ये एका रविवार पुरवणीसाठी मी एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहाचं परीक्षण लिहिलं. तो आमच्या शेजारच्या तालुक्यातला, शाळेत शिक्षक. मी लिहिलं, की ओळी कानाला बऱ्या लागतात, पण एकीचा दुसरीशी संबंध नाही आणि अर्थाचा पत्ता नाही. शेवटी सल्लाही दिला, आधी वाचन वाढवा. लोकांना परीक्षण आवडलं. दोघा-तिघांनी फोन करून ‘छान हाणलंत’ म्हटलं. त्या कवीचा दुसरा संग्रह आला नाही.

पुढं काही वर्षांनी माझा भाचा दुबईहून आला. आता मीही कुणाचा तरी मामू झालो आहे. त्याच्याकडं ‘मार्की मून’ची २००३ साली नव्यानं निघालेली सीडी होती. मामूची तबकडी त्याला लहानपणापासून माहीत, म्हणून त्यानं मुद्दाम आणलेली. आम्ही शीर्षकगीत लावलं. मी खुर्चीत मागं टेकून विझण्याची वाट बघत होतो. गाणं विझलं नाही. जिथं आवाज बारीक व्हायचा तिथं तो तसाच भरलेला राहिला आणि चौघं पुढं वाजवत राहिले. सीडीवरची लांबी १० मिनिटं ४० सेकंदं. वीस-पंचवीस वर्षं मी ज्याला शेवट समजत होतो, तो मुळात शेवट नव्हताच. मामू १९९४ मध्ये गेला. त्याला ही चाळीस सेकंदं कधी ऐकायला मिळाली नाहीत.

त्या रात्री भाच्यानं इंटरनेटवर जुनी परीक्षणं काढून दाखवली. टकरचं वाचताना मी थांबलो. ऐकायला चांगलं, अर्थ थोडा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. हे वाक्य मी लिहिलेलं होतं. टकरनं निदान त्याच्या आजूबाजूला चार चांगल्या गोष्टी नोंदवल्या होत्या. मी सल्ला दिला होता.

त्या शिक्षकाला जाऊन भेटायला मला आणखी बरीच वर्षं लागली. गेल्या वर्षी गेलो. तो आता मुख्याध्यापक आहे. चहा झाला. मी विषय काढला तेव्हा तो हसला. म्हणाला, ‘सर, तुम्ही लिहिलं ते सगळंच चूक नव्हतं. एकच विचारतो. पुस्तक तुम्ही किती वेळा वाचलं होतं?’

‘एकदा,’ मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. मलाच आठवलं, की मामूची तबकडी मी किती वेळा लावली असेल याचा हिशेब नाही. पहिल्या दहा वेळा तर मला ती समजलीही नव्हती. ऐकत राहिलो, कारण ती मामूची होती. त्या परक्या मुलांना जेवढी सवड दिली, तेवढी मी माझ्याच भाषेतल्या, पुढच्याच तालुक्यातल्या मुलाला दिली नव्हती.

त्याच्याकडून संग्रहाची एक प्रत मागून आणली, कारण माझी मी रद्दीत घातली होती. या पावसाळ्यात ती चार वेळा वाचली. खोटं बोलणार नाही, त्यातल्या निम्म्या कवितांत मला अजूनही धागा सापडत नाही. पण अकरा कविता चांगल्या आहेत, आणि त्यातल्या तीन अशा आहेत, की त्या मी लिहिल्या असत्या तर मिरवलो असतो. तेव्हाही त्या तिथंच होत्या, त्याच पानांवर.

टॉम व्हर्लेन जानेवारी २०२३ मध्ये वारला. बातमी आली तेव्हा भाच्यानं फोनवर विचारलं, ‘मामू, तबकडी लावणार की सीडी?’ मी तबकडीच लावली. ती विझली, तिथून पुढं मी मनातल्या मनात वाजवलं.

वीस वर्षांपूर्वीचं परीक्षण दुरुस्त करायला कुठलं वर्तमानपत्र जागा देणार? म्हणून रेडिओवर बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा हा विषय घेतला. त्या कवीला आधी विचारलं. तो म्हणाला, ‘बोला, पण माझं नाव घेऊ नका, शाळेतली पोरं चिडवतील.’ नाव घेत नाही. निघताना मी त्याला विचारलं होतं, आता काही लिहिता का? त्यानं कपाटाकडं बोट दाखवलं. आत वह्या होत्या, मला दिसल्या तेवढ्या नऊ. त्यातल्या दोन तो मला द्यायला तयार झाला आहे. त्या एकदाच वाचायच्या नाहीत, अशी अट त्यानं घातलेली नाही. ती माझी मीच घालून घेतली आहे.